सोनतळीची विद्यार्थिनी

आमच्या भागात घर जितकं मोठं, तितकी त्या घरातली बाई कमी दिसायची. करवीर, राधानगरीकडच्या पाटील-इनामदारांच्या वाड्यांत मी हे लहानपणी पाहिलं आहे. कुणब्याची बाई रानात भांगलायला जायची, बाजारच्या दिवशी शेंगा घेऊन बसायची, चार माणसांशी दरावरून भांडायची. वाड्यातली बाई जोतिबाला निघाली तरी धमणीला चारी बाजूंनी कापड बांधलं जायचं. त्याला गोषा म्हणत. हाती चार पैसे आले, गावात मान वाढला, की घरात पहिला बदल व्हायचा तो हा : बायकांचं बाहेर जाणं बंद. माझी आत्ती तिसरीपर्यंत शाळेत गेली. आजोबा गरीब होते तोवर गेली. घराला बरे दिवस आले आणि तिची पाटी माळ्यावर गेली, कारण "घरंदाजांच्या लेकी शाळंला जात न्हाईत".

शाळेत इतिहास शिकवताना हे वाक्य माझ्या मनात कायम असायचं. मुलींच्या शिक्षणाची गोष्ट आपण सावित्रीबाई आणि जोतीरावांपासून सुरू करतो, ते योग्यच आहे. 1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात जी शाळा भरली, तिच्यामागे कुठलंही सिंहासन नव्हतं. पुढेही कितीतरी वर्षं हे काम विधवा बायका, मिशनरी बायका, सुधारकांच्या घरच्या बायका, पगारी मास्तरणी यांनीच ओढलं. राण्यांचा पाठ पुस्तकात यायचा तो लढाईचा किंवा दानधर्माचा. ताराबाईंची तलवार, अहिल्याबाईंचे घाट. पण मराठा घरांतल्या गोषाला तलवारीनं धक्का बसला नाही. गोषा ही मोठेपणाची खूण होती, ती राजवाड्याकडे बघून खालच्या घरांनी उचलली होती, आणि राजवाड्यातल्याच कुणी तरी ती टाकून हातात पुस्तक घेईपर्यंत ती हलणार नव्हती. म्हणून मला अशा राजस्त्रिया महत्त्वाच्या वाटतात, ज्यांनी शाळेला देणगी दिली एवढंच नव्हे, तर ज्या स्वतः शिकायला बसल्या. त्यांत माझ्या सगळ्यात जवळची आमच्या कोल्हापूरची.

इंदुमती राणीसाहेबांचा जन्म 1906 च्या डिसेंबरचा, सासवडच्या जगताप घराण्यातला. 6 जून 1917 ला त्यांचं लग्न शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांच्याशी झालं. वधूचं वय साडेदहा वर्षं. त्याच 1917 साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा कायदा आणला, विधवाविवाहाला मान्यता देणाराही आणला. एका हातानं असे कायदे आणि दुसऱ्या हातानं दहा वर्षांची सून, हे दोन्ही एकाच वर्षातलं, एकाच माणसाचं. मी महाराजांना मानते, म्हणूनच हे झाकून ठेवावंसं वाटत नाही. सुधारक कायद्यात पुढे असतो आणि घरात कधी कधी रिवाजाबरोबर चालतो. त्या काळचं ते खरं चित्र आहे.

लग्नाला एक वर्ष होतंय तोच, जून 1918 मध्ये प्रिन्स शिवाजी शिकारीत घोड्यावरून पडून गेले. साडेअकरा वर्षांची मुलगी विधवा झाली. महाराजांना हा घाव फार लागला. कितीही दुःख झालं तरी एरवी अशा घरात पुढचं ठरलेलं असायचं : एक खोली, एक देवघर, पांढरं लुगडं आणि उरलेलं सगळं आयुष्य. महाराजांनी त्या मुलीला शिकवायचं ठरवलं. घरातून विरोध झाला. राजघराण्यातल्या विधवा सुनेनं परक्या मास्तरांसमोर बसावं, हे कुणाला रुचणार? तेव्हा त्यांनी तिची व्यवस्था शहराबाहेर सोनतळी कॅम्पावर केली.

सोनतळी म्हणजे पन्हाळा-जोतिबाच्या बाजूचा माळ. महाराजांचा तिथला कॅम्प दरबारी थाटाचा नव्हता. घोडी, कुत्री, शिकारीची जनावरं, पैलवान. ज्यांच्यावर सरकारनं जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या फासेपारध्यांनाही महाराजांनी तिथेच वसवलं होतं. त्या माळावर राणीसाहेबांचे वर्ग सुरू झाले. शिकवायला मास्तर नेमले आणि सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली आणून ठेवल्या. ही सोबत मला सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. राजकन्येला घरी पंतोजी ठेवून वाचायला शिकवणं काही नवं नव्हतं. पण एकटी मुलगी पंतोजीसमोर बसते तेव्हा तिला अक्षरं येतात, शाळा मिळत नाही. शाळा म्हणजे शेजारी बसलेली दुसरी मुलगी, जिचं गणित आपल्याआधी सुटतं. विधवा म्हणून सगळ्या मंगल गोष्टींतून वगळली गेलेली अकरा-बारा वर्षांची पोर, आणि तिच्याबरोबर जेवणाऱ्या, खेळणाऱ्या, धडे म्हणणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या पोरी. 1918 साली, पंगतीवरून गावं फुटत होती त्या दिवसांत. पुस्तकांबरोबर घोड्यावर बसणं आलं, मोटार चालवणं आलं. महाराजांच्या मनात पुढचंही तयार होतं : मॅट्रिक झाली की दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात पाठवायचं आणि डॉक्टर करायचं. ते कॉलेज 1916 मध्ये, खास बायकांना डॉक्टर होता यावं म्हणून सुरू झालेलं.

डॉक्टर करायचं हे महाराजांना सुचलं, यालाही कोल्हापुरात आधी घडलेली एक गोष्ट कारण असावी. 1895 साली इथल्या स्त्रीशिक्षण खात्याच्या प्रमुख मिस लिटल निवृत्त झाल्या, तेव्हा तरुण महाराजांनी ती जागा रखमाबाई केळवकर या शिक्षिकेला दिली. गोऱ्या मडमेची जागा एका देशी बाईला. रखमाबाईंची लेक कृष्णाबाई पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकली, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाली आणि कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात रुजू झाली. आज ज्याला सगळं कोल्हापूर सीपीआर म्हणतं, तेच ते रुग्णालय. म्हणजे राणीच्या आधी मास्तरीण होती, आणि मास्तरणीची मुलगी डॉक्टर होऊन राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर काम करत होती. हा क्रम मला मुद्दाम सांगावासा वाटतो. सामान्य घरातली शिकलेली बाई आधी उभी राहिली, तिला बघून राजाला आपल्या सुनेसाठी स्वप्न पाहता आलं, आणि मग त्या सुनेचं नाव पुन्हा खाली, वाड्या-वाड्यांतून फिरलं.

अशीच गोष्ट बडोद्यात एक पिढी आधी घडून गेली होती. कोल्हापूर आणि बडोदा ही घरं सोयरिकीनं बांधलेली; शाहू महाराजांच्या राणी लक्ष्मीबाई बडोद्याच्या खानविलकरांच्या. सयाजीराव गायकवाड स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून, बारा वर्षांचे असताना, 1875 मध्ये दत्तक गेले. तोवर अक्षरओळखही नीट नव्हती. ज्याला स्वतः मोठेपणी पहिलं पान उघडावं लागलं, त्याला न शिकलेल्या माणसाची अडचण कळते. त्यांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या; त्या 1885 मध्ये वारल्या. त्याच वर्षी देवासच्या घाटग्यांची गजराबाई लग्न होऊन आली आणि दुसऱ्या चिमणाबाई झाली. तिचंही खरं शिक्षण लग्नानंतरचं. राजवाड्याच्या गोषात असतानाच मराठी, मग इंग्रजी, मग महाराजांबरोबर युरोप, 1910 मध्ये जपान आणि अमेरिका.

या प्रवासांचं फळ म्हणजे 1911 मध्ये लंडनला छापलेलं 'द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ' हे पुस्तक. सिद्धमोहन मित्र यांच्या साहाय्यानं चिमणाबाईंनी ते लिहिलं. या पुस्तकात राणी उपदेश कमी करते आणि कामं जास्त मोजते : परदेशात बायका कुठकुठल्या धंद्यांत आहेत, त्यातलं आपल्याकडे काय जमेल, कशासाठी कोणतं शिक्षण लागेल. संसारात बाईच्या हातात स्वतःचा पैसा असावा, हा विचार महालात राहणाऱ्या बाईला सुचणं सोपं नव्हतं. पुढे बडोद्यात त्यांच्या नावानं स्त्री उद्योगालय निघालं ते याच धाग्यातून. आणि एक दिवस त्यांनी गोषा सोडला. लोकांसमोर पतीशेजारी उघड्या तोंडानं बसल्या. बडोद्याच्या मराठा सरदारांच्या घरांत त्या रात्री काय बोलणी झाली असतील, याची कल्पना आमच्या वाड्यांत वाढलेल्या कुणालाही करता येईल.

चिमणाबाईंच्या कामामागे राज्याचा कायदाही उभा होता, हे विसरून चालणार नाही. सयाजीरावांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग 1893 मध्ये अमरेली भागात केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या राज्याला लावला, मुलींसकट. मुलग्यांना सात ते बारा वर्षं, मुलींना सात ते दहा. मुलींची वर्षं कमी का, तर त्यानंतर लग्न. 1904 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं बडोद्यात मुलीच्या लग्नाचं वय बारा ठरवलं होतं, आणि लोक दंड भरून त्याआधी लग्नं उरकत होते. मुलींना शिकवायचं तर बाई शिक्षिका हव्यात, आणि बाई शिक्षिका हव्यात तर आधी मुली शिकलेल्या हव्यात, ही गाठ तिथेही होती, कोल्हापुरातही होती. बायकांच्या ट्रेनिंग शाळांनी ती हळूहळू सोडवली. राणीचं उदाहरण कितीही तेजस्वी असलं तरी वर्गावर उभी राहायला कुणी तरी हवंच.

चिमणाबाईंच्या आयुष्यातली एक घटना मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त शिकवून जाते. त्यांची मुलगी इंदिराराजे बडोदा कॉलेजात शिकली. राजकन्येनं कॉलेजात जाणं तेव्हा नवलाचं होतं. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं. ते वयानं मोठे, आणि घरात एक राणी होतीच. 1911 मध्ये, तयारी चालू असताना, इंदिराराजेंनी स्वतः ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न मोडलं. त्यांचं मन कूचबिहारच्या जितेंद्रनारायण यांच्यावर होतं. आईवडिलांनी दोन वर्षं विरोध केला, शेवटी 1913 मध्ये लंडनमध्ये ते लग्न झालं आणि आईवडील त्याला हजर राहिले नाहीत. स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहिणाऱ्या बाईला आपल्याच शिकलेल्या मुलीचा निर्णय पचवता आला नाही. माझ्या नजरेत त्यामुळे चिमणाबाई लहान होत नाहीत. मुलीला शिकवलं की ती एक दिवस आपल्याला नको असलेलं उत्तर देणार, हे ज्यांनी मुली शिकवल्या त्या प्रत्येक घरानं कधी ना कधी अनुभवलं आहे. फक्त यांचा अनुभव साऱ्या हिंदुस्थानसमोर घडला.

जानेवारी 1927 मध्ये पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली. बंगालच्या शिक्षण खात्याचे संचालक ओटन यांनी कलकत्त्याच्या बेथून कॉलेजात बायकांना आवाहन केलं होतं, की मुलींना कसलं शिक्षण हवं ते तुम्हीच एकदा सांगा. मार्गारेट कझिन्स यांनी ते मनावर घेतलं, प्रांतोप्रांतीच्या बायकांना पत्रं धाडली आणि परिषद जमवली. अध्यक्षस्थानी चिमणाबाई. विषय शिक्षणाचा, पण चर्चा पहिल्याच अधिवेशनात लग्नाच्या वयावर आली, कारण दहाव्या-बाराव्या वर्षी सासरी जाणाऱ्या मुलीसाठी अभ्यासक्रम ठरवणार तरी कसा? पुढच्या वर्षी दिल्लीच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या. त्यांनी स्वतः पंचवीस वर्षं राज्य केलेलं आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झालेल्या. तिसऱ्या वर्षी पाटण्याला मंडी संस्थानच्या राणी. पहिली तिन्ही वर्षं राजघराण्यातल्या बाईला मान दिला गेला, यात काही जणांना दरबारीपणा दिसतो. मला त्यात हिशेब दिसतो. सभेला आपल्या मुलीला पाठवावं की नाही, असा विचार करणाऱ्या बापाला अध्यक्षपदी महाराणी आहेत हे कळलं, की त्याचा अर्धा विरोध ओसरायचा. 1929 मध्ये शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरलं, त्यामागे या परिषदेतल्या बायकांची मेहनत मोठी आहे. आणि 1932 मध्ये दिल्लीला लेडी आयर्विन कॉलेज उभं राहिलं, तेही त्यांच्याच खटपटीनं.

इंदिराराजेंची मुलगी गायत्रीदेवी शांतिनिकेतनात शिकली आणि 1940 मध्ये जयपूरची महाराणी झाली. जयपूरच्या सरदार घरांतला पडदा आमच्या गोषापेक्षाही कडक. त्या घरांतल्या मुलींसाठी तिनं 1943 मध्ये शाळा काढली, लिलियन लटर या बाईंना मुख्याध्यापिका नेमलं. सरदार मंडळी आधी कचरली, मग हळूहळू लेकींना धाडू लागली. देवासच्या घाटग्यांची लेक लग्नानंतर शिकली, तिची लेक कॉलेजात गेली आणि नातीनं शाळा उभारली. सगळं साठ वर्षांच्या आत.

कोल्हापूरच्या गोष्टीत मात्र मधेच खंड पडला. 6 मे 1922 ला शाहू महाराज मुंबईत वारले. ज्यांनी साऱ्या घराविरुद्ध जाऊन हे शिक्षण चालवलं, तेच गेले. पंधरा वर्षांच्या विधवा सुनेला तेव्हा पुन्हा खोलीत बसवणं कुणालाही सोपं गेलं असतं. राणीसाहेबांनी अभ्यास सोडला नाही. 1925 मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. दिल्लीला जाणं, डॉक्टर होणं मात्र राहून गेलं. महाराज जगते तर कोल्हापूरच्या राजघराण्यातली बाई स्टेथोस्कोप घेऊन सीपीआरच्या वॉर्डातून फिरली असती, असं मला आजही वाटतं, आणि ते झालं नाही याचं वाईटही वाटतं. स्वातंत्र्यानंतर, संस्थानं विलीन झाल्यावर, त्यांनी स्वतःला कोल्हापुरातल्या बायकांच्या शिक्षणात घातलं. 1954 मध्ये ललिता विहार ही संस्था काढली. 1971 मध्ये त्या गेल्या, तोवर हे काम चालू होतं.

त्यानंतरच्याच वर्षांत मी पन्हाळ्याच्या बाजूला एका गावात हायस्कूलवर शिक्षिका म्हणून रुजू झाले. उन्हाळी सुट्टी संपत आली की आम्ही घरोघर फिरायचो. सातवी झालेल्या मुली आठवीत येत नसत. विशेषतः मोठ्या वाड्यांतल्या. एका वाड्यात सोप्यावर बसून मी मुलीच्या वडिलांना, आबांना, इंदुमती राणीसाहेबांची गोष्ट सांगितली. म्हटलं, छत्रपतींची सून मॅट्रिक झाली, तुमच्या लेकीला काय होतंय?

आबा म्हणाले, "बाई, त्या राण्या. त्यांचं येगळं. आमची लेक उद्या नांदायला जायाची हाय."

हे उत्तर मी बऱ्याच घरांत ऐकलं. उदाहरण फार उंचावर असलं की माणूस त्याला नमस्कार करून बाजूला ठेवतो. म्हणून त्या दिवसापासून मी गोष्ट सांगायची पद्धत बदलली. राणीपद मागे ठेवलं आणि पोर पुढे आणली. दहाव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं, माळावर चार पोरींबरोबर शिकली, सासरा गेला तरी पुस्तक सोडलं नाही. हे ऐकताना माजघराच्या दारातून बांगड्या वाजायच्या, कारण आतल्या बायका ऐकत असायच्या, आणि अशी एखादी पोर त्यांच्या नात्यात नक्की असायची. त्या वाड्यात त्या दिवशी बोलल्या त्या आबांच्या आईच. म्हातारीनं आतूनच विचारलं, "आटवीला शिकवायला बाई हाय का बाप्या?"

मी सांगितलं, वर्ग माझ्याकडेच आहे. जूनमध्ये मुलीचं नाव पटावर आलं. तिच्या मागोमाग त्याच आळीतल्या दोन घरांतून मुली आल्या, आणि त्या दोन्ही बापांनी दाखला भरताना मला एकच कारण सांगितलं : वाड्यावरची येते ना.